कथेचे तीन क्षण : उज्जैनच्या मुक्तिबोधांकडून एक धडा



कथा लिहू पाहणारी मुलंमुली मंडळाच्या बैठकीनंतर मला दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, "माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही." दुसरी, "माझं मराठी शुद्ध नाही, घरी आम्ही अर्धं हिंदीच बोलतो." मी मूळचा उज्जैनचा, त्यामुळे दुसरी तक्रार माझ्याच घरातली आहे. म्हणून दोन्हींचं उत्तर उज्जैनच्याच एका लेखकाच्या आधाराने शोधू.

उज्जैन ही एके काळी शिंद्यांची राजधानी. १८१० मध्ये दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवेपर्यंत कारभार इथून चाले. शिंदे-होळकरांच्या मागोमाग माळव्यात अनेक मराठी कुटुंबं आली आणि तिथलीच झाली. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) अशाच मराठी घरातले. वडील पोलीस खात्यात, म्हणून बदल्या आणि बदलत्या शाळा. १९३० मध्ये उज्जैनहून ते मिडलच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. पुढे इथल्याच माधव कॉलेजात शिकले, गावात शिक्षकाची नोकरी केली आणि हिंदीतले मोठे कवी व कथाकार झाले. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या १९५४ च्या कादंबरीचं नाव 'क्षिप्रा', म्हणजे उज्जैनची नदी. एकाच घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले. घरात दोन भाषा असणं ही लेखकाची उणीव नसते, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

आता पहिली तक्रार. मुक्तिबोधांच्या 'एक साहित्यिक की डायरी' (१९६४) या पुस्तकात 'तीसरा क्षण' नावाचा लेख आहे. केशव नावाच्या मित्राशी चाललेल्या गप्पांतून तो कलेचे तीन क्षण उलगडतो. लेख कलेविषयी आहे, पण कथा लिहिणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. आपण एक साधं उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या आजोबांच्या घराची वाटणी झाली आणि काकांनी ओसरीकडची मोठी खोली घेतली. तुमचे वडील काहीच बोलले नाहीत. तुम्हाला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

पहिला क्षण हा उत्कट अनुभवाचा. तो तुमच्याकडे आहे, म्हणजे "काही घडलंच नाही" हे खरं नाही. या वेळी फक्त टिपण करा. कोण कुठे बसलं होतं, चहा कुणी घेतला नाही, काका नेमकं काय म्हणाले, वडिलांचे हात काय करत होते. हे त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. पण याला कथा समजू नका. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच कथा इथेच थांबलेल्या असतात. त्यांत राग खरा असतो, पण काका नुसता खलनायक असतो आणि वाचकाला तो ओळखीचा वाटत नाही.

दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि कल्पनेचं रूप घेऊन डोळ्यांसमोर उभा राहतो. आता तो फक्त तुमचा राहत नाही. हा क्षण ओढून आणता येत नाही, पण त्याला वाट करून देता येते. वही तीन-चार आठवडे बाजूला ठेवा. मग एखादी गोष्ट बदला. मुलाच्या जागी मुलगी घ्या, किंवा वाटणी वीस वर्षांपूर्वी झाली असं धरा. नंतर एक पान काकांच्या बाजूने लिहा. आजोबांच्या आजारपणात रात्री कोण जागलं होतं? काकांच्या तोंडी एक तरी असं वाक्य आलं पाहिजे, की ज्यावर तुम्हालाही उत्तर सुचत नाही. ते सापडलं की कथा सुरू झाली म्हणून समजा.

तिसरा क्षण शब्दांत उतरवण्याचा. मुक्तिबोधांचं म्हणणं असं, की लिहिताना मूळची कल्पना तशीच राहत नाही. भाषा आपल्या एकट्याची नसते. शब्द समाजातून अर्थ घेऊन येतात आणि कल्पनेला बदलतात, वाढवतात. म्हणून ठरवलेला शेवट लिहिताना खोटा वाटू लागला, तर तो सोडून द्या. पहिला खर्डा न खोडता शेवटापर्यंत न्या. मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य दुरुस्त करा. "त्याला फार वाईट वाटलं" यासारखं वाक्य दिसलं, तर ते काढून कथा कळते का बघा. बहुतेक वेळा कळते.

आणि शुद्ध मराठीचं काय? उज्जैनचे काका "कुलूप लाव" म्हणतील की "ताला लाव"? "ताला" म्हणत असतील, तर कथेतही तेच म्हणू द्या. निवेदन प्रमाण मराठीत असू शकतं, पण संवाद माणसाचा असतो. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी एखादा जाणकार मित्र तपासून देईल. काकांची बोली मात्र तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

एक गोष्ट उरली. मुक्तिबोधांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह, 'चाँद का मुँह टेढ़ा है', निघाला तो त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १९६४ मध्ये. 'काठ का सपना' हा कथासंग्रह १९६७ चा. स्वतःच्या कथांचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. शाळा, वर्तमानपत्र, मग राजनांदगावचं कॉलेज अशा नोकऱ्या करत ते लिहीत राहिले. हे मी तुम्ही उपेक्षा सोसावी म्हणून सांगत नाही. पुस्तक निघेपर्यंत लेखक टिकतो तो लिहिण्यावर आणि सोबत्यांवर. १९४३ च्या 'तार सप्तक'मधल्या सात कवींत मुक्तिबोध होते आणि माधव कॉलेजात शिकवणारे, मराठी मातृभाषेचेच प्रभाकर माचवेही होते. उज्जैनला असताना मुक्तिबोधांनी लेखकांची संघटना बांधण्यातही पुढाकार घेतला. एकट्याने लिहावं लागतं, पण ऐकणारं कुणीतरी हवं. आपलं मंडळ त्यासाठीच आहे.

तर पुढच्या बैठकीला येताना पूर्ण कथा आणू नका. ज्या माणसाचा तुम्हाला राग येतो, त्याच्या बाजूने लिहिलेलं एक पान आणा. ते आपण मोठ्याने वाचू, आणि मग पुढचं पान कुठून सुरू करायचं ते मिळून बघू.