चक्र नाही, तरी पाणी मोजतो!

प्रश्न : आमच्या सोसायटीत पाण्याचे नवे मीटर बसवले. आत फिरणारं काहीच दिसत नाही, नुसते आकडे. ‘ध्वनीवर चालतो,’ असं प्लंबर सांगतो. पण आवाज तर येत नाही. मग पाणी मोजलं जातं कसं? आणि नळाला आधी हवा येते, तिचंही बिल लागतं का?

उत्तर : आवाज असतो, पण आपल्या कानांसाठी नाही. माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचंच ऐकू येतं. या मीटरमधली कंपनं साधारण दहा लाखांच्या घरातली. आत दोन चकत्या असतात. वीज दिली की त्या कंप पावतात, आणि ध्वनी येऊन आदळला की वीज निर्माण करतात. म्हणजे बोलणंही त्यांचंच आणि ऐकणंही.

आधी पाणी येतं त्या बाजूची चकती बोलते, पलीकडची ऐकते, मग उलट. धारेबरोबर निघालेली होडी लवकर पोचते, धारेविरुद्ध निघालेलीला उशीर होतो, ध्वनीचंही तेच. खरी करामत हा उशीर मोजण्यात आहे. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १४८० मीटर धावतो. चकत्यांमध्ये १० सेंटिमीटर अंतर आहे आणि पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहतंय असं धरा. ध्वनीला पलीकडे जायला जवळपास ६८ मायक्रोसेकंद लागतात, पण दोन फेऱ्यांमधला फरक भरतो अवघा ९१ नॅनोसेकंद. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले ९१! नळ बारीक सोडला की फरक आणखी घटतो. या मीटरचा सगळा जीव त्याच्या घड्याळात आहे.

तुम्ही म्हणाल, पाणी तापलं की ध्वनीचा वेग बदलतो, त्याचं काय? बदलतो खराच, शून्य अंशाला तो १४०० मीटरच्या आसपास असतो. पण दोन्ही वेळांचे व्यस्त घेऊन वजाबाकी केली की ध्वनीचा वेग हिशेबातून गळून पडतो आणि पाण्याचा तेवढा उरतो. मला तरी यातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते. पुढे त्या वेगाला नळीच्या आतल्या क्षेत्रफळाने गुणायचं. १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सेकंदाला १ मीटर म्हणजे मिनिटाला साधारण साडेदहा लिटर.

आता हवेचं. जुन्या मीटरचं चक्र हवेच्या झोतानेही फिरतं, ही तक्रार खोटी नाही. इथे चकत्यांमध्ये हवा आली की ध्वनी पलीकडे नीट पोचत नाही आणि मोजणीच थांबते. मात्र पाइप अर्धवट भरलेला असला तरी हा मीटर अडखळतो. त्याला भरलेला पाइप हवा, आणि अलीकडे लगेच एल्बो किंवा व्हॉल्व्ह नको.

घरगुती मीटर बरेचदा आपला आकडा रेडिओलहरींनी कळवतात. मोठ्या जलवाहिनीवरचे मीटर तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर वीज सोडतात : ४ म्हणजे पाणी बंद, २० म्हणजे ठरवलेला कमाल प्रवाह. सुरुवात शून्यापासून केली नाही ती मुद्दामच. तारेत वीज शून्य झाली, तर पाणी थांबलेलं नसून तार तुटली आहे, हे पंपघरातल्या माणसाला बसल्या जागी कळतं.