संस्थेचे ओळखपत्र : प्रिंटरची निवड आणि सुरक्षित रचना

संध्याकाळची वेळ. किराणा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. दैनिक ठेवीचे पैसे नेण्यासाठी रोज येणारा पिग्मी प्रतिनिधी आज आलेला नाही. त्याच्या जागी एक अनोळखी तरुण उभा आहे. “काका, नेहमीचे भाऊ रजेवर आहेत, आजपासून मी येणार,” असे सांगून तो गळ्यातील ओळखपत्र पुढे करतो. गल्ल्यावर बसलेला दुकानदार दोन-तीन सेकंद त्यावर नजर टाकतो. बोधचिन्ह आहे, छायाचित्र आहे, प्लास्टिक चकचकीत आहे. एवढे पाहून तो रक्कम हाती देणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव योजना सुरू केली, त्या काळी गावातील परस्पर ओळख हाच अशा व्यवहाराचा मोठा आधार होता. आज प्रतिनिधी बदलतात, कंत्राटदार बदलतात, ग्राहकही वस्ती बदलतात. कर्जवसुली प्रतिनिधीने सूचनेची प्रत व बँकेचे अधिकारपत्र यांसोबत ओळखपत्रही जवळ बाळगावे, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००८ च्या परिपत्रकात नमूद केले होते. ओळखपत्राचे महत्त्व सर्वांना मान्य आहे; ते कसे तयार व्हावे, याचा विचार मात्र बहुतेक संस्थांत प्रिंटरच्या दरपत्रकापासूनच सुरू होतो. वस्तुतः तो पाहणाऱ्यापासून सुरू व्हावयास हवा. कार्ड कोण पाहणार, किती वेळ पाहणार आणि त्याच्यापाशी पडताळणीचे कोणते साधन असणार, हे ठरले की यंत्राची निवड पुष्कळशी आपोआप होते.

यंत्रांचे प्रकार

एटीएम कार्डाचा जो आकार, तोच ओळखपत्राचाही प्रचलित आकार होय : ८५.६० मिलिमीटर लांबी, ५३.९८ मिलिमीटर रुंदी आणि सुमारे ०.७६ मिलिमीटर जाडी. कार्यालयातील रंगीत प्रिंटरवर कागद छापून तो लॅमिनेशनच्या पाकिटात बंद करण्याची पद्धत स्वस्त आहे, परंतु पाकिटाची कड उसवून छायाचित्र बदलणे तितकेच स्वस्त आहे. बाजारातील दुकानांत इंकजेट यंत्रावर विशेष थर दिलेली प्लास्टिक कार्डेही छापून मिळतात. दिसावयास ती सुबक असतात. पण जी वस्तू कोपऱ्यावरील दुकानात कोणालाही छापून मिळते, तिच्यावर संस्थेने विसंबावे काय, याचे उत्तर स्पष्ट आहे.

कार्डासाठीच बनविलेल्या यंत्रांत दोन पद्धती प्रमुख आहेत. पहिल्या पद्धतीत रिबनवरील पिवळा, किरमिजी व निळसर रंग उष्णतेने वायुरूप होऊन थेट प्लास्टिकच्या पृष्ठभागात शिरतात. त्यानंतर काळ्या पट्टीने अक्षरे व बारकोड उमटतो आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर बसतो. छायाचित्रे या पद्धतीत चांगली येतात. मात्र छपाईचे शीर्ष कार्डाला प्रत्यक्ष टेकत असल्याने धुळीचा एक कण किंवा आतील चिपमुळे आलेला किंचित उंचवटा छपाईत पांढरा डाग ठेवून जातो, शिवाय कडेलाही बारीक कोरी रेघ राहते. दुसऱ्या पद्धतीत चित्र प्रथम पातळ फिल्मवर छापले जाते आणि मग ती फिल्म उष्णतेने कार्डावर चिकटविली जाते. कडेपर्यंत छपाई होते, चिपचा उंचवटा त्रास देत नाही आणि फिल्म सोलून काढू पाहिल्यास चित्रच फाटते. ही यंत्रे व त्यांचे साहित्य महाग असते. दारे उघडणारी चिपयुक्त कार्डे ज्या संस्थेत वापरली जातात तिने हा खर्च करावा. केवळ गळ्यात अडकविण्याच्या कार्डासाठी पहिली पद्धत पुरेशी आहे.

खर्चाचा हिशेब करताना यंत्राच्या किमतीवर नजर खिळून राहते, आणि येथेच चूक होते. रिबनवर ठरावीक कार्डांचेच रंग असतात. कार्डावर रंग थोडा लागो वा पुष्कळ, प्रत्येक कार्डामागे रंगपट्ट्यांचा एक पूर्ण संच खर्ची पडतो. नावात एक काना चुकला तरी तो संच वाया जातो. म्हणून प्रति कार्ड खर्चात रिबन, कोरे कार्ड, संरक्षक थर, स्वच्छतेचे साहित्य आणि बिघडणाऱ्या कार्डांचे प्रमाण हे सर्व धरावे. समजा, एखाद्या संस्थेत ४०० कर्मचारी आहेत. वर्षाकाठी ४० नवे येतात आणि २० जण कार्ड हरवितात. पहिला घाऊक संच झाल्यावर वर्षाला जेमतेम ६० कार्डे. तेवढ्यासाठी घेतलेले यंत्र वर्षातील बहुतेक दिवस धूळ खात पडते, आणि या यंत्राला धुळीइतके दुसरे काहीच बाधत नाही. अशा संस्थेने काम बाहेर द्यावे. याउलट जून-जुलैत पंधरा दिवसांत ३,००० विद्यार्थ्यांना कार्डे देणाऱ्या महाविद्यालयाला स्वतःचे यंत्र किफायतशीर ठरू शकते.

काम बाहेर देताना कर्मचाऱ्यांची नावे आणि छायाचित्रेही बाहेर जातात, याचे भान राहत नाही. बिघडलेली कार्डे मोजून परत करणे आणि काम संपताच छायाचित्रांची फाईल नष्ट करणे, या अटी करारात लेखी असाव्यात.

कोरी कार्डे आणि वापरलेली रिबन

बँकेत धनादेश पुस्तिका, धनाकर्षाचे कोरे नमुने व मुदत ठेवीच्या कोऱ्या पावत्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात राहतात, त्यांची नोंदवही असते व शिल्लक ताळून पाहिली जाते. बोधचिन्ह किंवा होलोग्राम आधीच छापलेले कोरे कार्ड याच योग्यतेचे आहे. ते टेबलाच्या उघड्या खणात ठेवणारी संस्था भारी किमतीचा प्रिंटर घेऊनही काही साधत नाही. कोऱ्या कार्डांवर अनुक्रमांक असावा आणि बिघडलेले कार्ड कापून त्याचीही नोंद व्हावी.

वापरलेल्या रिबनकडे तर कोणाचेच लक्ष नसते. काळ्या पट्टीवरील जो भाग कार्डावर उतरला, तेथे रिबन पारदर्शक झालेली असते. ती उजेडात धरली की नाव, पद, कर्मचारी क्रमांक ओळीने वाचता येतात. जुन्या पिढीतील व्यापाऱ्यांना क्रेडिट कार्डाच्या हातयंत्राचे कार्बन कागद आठवतील. ग्राहकाचा क्रमांक त्यावर उमटतो म्हणून ते फाडून टाकावे लागत. रिबनचेही तसेच आहे. ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता बारीक कापून नष्ट करावी.

रचना

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये आणलेले पीव्हीसी आधार कार्ड अभ्यासण्याजोगे आहे. त्यावर होलोग्राम, नक्षीदार रेषांचे जाळे, भिंगाखेरीज न वाचता येणारी सूक्ष्म अक्षरे, छायाचित्राची फिकट प्रतिमा आणि सुरक्षित क्यूआर कोड आहेत. मात्र त्यांतील प्रत्येक गोष्ट लहान संस्थेने उचलण्यात अर्थ नाही. अतिनील किरणांत दिसणारी शाई छापली आणि फाटकावरील रक्षकाला तो दिवाच दिला नाही, तर तो खर्च फुकट गेला. बाजारात मिळणारी तयार होलोग्राम चिकटपट्टीही तशीच. ती आपल्याला मिळते, तशी तोतयालाही मिळते. संस्थेसाठी खास बनविलेली एखादी खूण घ्यावी आणि ती कशी पाहावी, हे रक्षकाला हातात कार्ड देऊन शिकवावे.

दुकानदारासाठी मात्र भिंगाची खूण कामाची नाही. त्याला छायाचित्र मोठे हवे, नाव ठळक हवे आणि मुदत दोन हातांवरून वाचता यावी. मुदत एका वर्षाची ठेवून दरवर्षी कार्डाच्या पट्टीचा रंग बदलला, तर जुने कार्ड त्या दोन सेकंदांतही ओळखू येते. कायम कर्मचारी, कंत्राटी कर्मचारी आणि अभ्यागत यांचे रंग वेगळे असावेत, हे सांगावयास नको.

क्यूआर कोडविषयी मोठा गैरसमज आहे. त्यात केवळ नाव व पद साठविले असेल तर तो काहीच सिद्ध करीत नाही; असा कोड कोणीही तयार करू शकतो. डिजिटल स्वाक्षरी केलेला व संस्थेच्या ॲपने तपासला जाणारा कोडच उपयुक्त ठरतो. कार्डावरच छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारून कार्डाची खातरजमा करणे, हेही तितकेच फसवे आहे, कारण तोतया तेथे स्वतःच्या साथीदाराचा क्रमांक छापील. पडताळणीचा क्रमांक ग्राहकाच्या पासबुकावर हवा.

कार्डावर काय नसावे, हेही ठरवावे. आधार क्रमांक, जन्मतारीख व घरचा पत्ता यांची फाटकावरील रक्षकाला गरज नसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यानंतर तर अशा अनावश्यक माहितीची जोखीम संस्थेवरच येते. रक्तगट छापण्याची आपल्याकडे हौस आहे. प्रत्यक्षात रक्त देण्यापूर्वी रुग्णालयात गट पुन्हा तपासला जातोच.

दारे उघडणाऱ्या कार्डांबाबत एवढेच, की १२५ किलोहर्ट्झवरील साध्या कार्डांची नक्कल सहज होते आणि नेदरलँड्समधील नायमेखेन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘मायफेअर क्लासिक’ या लोकप्रिय कार्डाची गुप्तलिपीही भेदून दाखविली होती. नवी खरेदी करताना विक्रेत्याला याविषयी स्पष्ट विचारावे. अशा कार्डाच्या कडेने आत तारेचे वेटोळे असते. फीत अडकविण्यासाठी तेथे भोक पाडले की कार्ड निकामी होते, म्हणून त्याला प्लास्टिकचे धारक वापरावे.

परत घेतलेले कार्ड

नोकरी सोडणाऱ्याकडून संगणक व किल्ल्या परत घेतल्या जातात. कार्ड बहुधा आठवण म्हणून त्याच्यापाशीच राहते. अंतिम हिशेबाच्या कागदावर कार्ड परतीचा रकाना असावा, आणि रद्द कार्डांची यादी फाटकावर त्याच दिवशी पोचावी. पिग्मी प्रतिनिधीचे काम संपले, तर त्याच्या मार्गावरील प्रत्येक खातेदाराला तसे कळविणे ही शाखेची जबाबदारी आहे. बदली प्रतिनिधी जाणार असेल, तर त्याचे नाव खातेदाराला शाखेकडूनच आधी समजावे. शाखेच्या सूचना फलकावर चालू वर्षाच्या कार्डाचा नमुना, पट्टीचा रंग आणि प्रतिनिधींची छायाचित्रे लावावीत. पासबुक भरावयास आलेला दुकानदार तो फलक वाचतो.