थंडी, ऊन आणि विजेच्या गाडीचा पल्ला

विजेवर चालणाऱ्या गाड्या आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. पेट्रोलची गाडी घेताना आपण 'अ‍ॅव्हरेज किती?' असे विचारतो. विजेच्या गाडीबाबत 'एका चार्जिंगमध्ये किती जाते?' हा प्रश्न महत्त्वाचा. यालाच पल्ला म्हणतात. तो ऋतूप्रमाणे का बदलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम थंडी घेऊ. लिथियम-आयन बॅटरीत दोन अग्रे व त्यांच्यामध्ये एक द्रव असतो. लिथियमचे आयन या द्रवातून एका अग्राकडून दुसऱ्याकडे जातात, तेव्हा बाहेरच्या तारेतून वीज वाहते. थंडीत द्रव दाट होतो, आयनांची चाल मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे काही ऊर्जा आतल्या आतच खर्ची पडते.

मोटारीच्या बाबतीत दुसरे कारण याहून मोठे आहे. पेट्रोलच्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता गाडीत ऊब आणते. विजेची मोटर फारशी उष्णता वाया घालवीत नाही. म्हणून ऊब बॅटरीतूनच घ्यावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली पाच मोटारींची चाचणी घेतली. उणे ७ अंश सेल्सिअसला हीटर बंद असताना पल्ला सरासरी १२ टक्के घटला. हीटर चालू करताच ही घट ४१ टक्क्यांवर गेली. तरीही नॉर्वेसारख्या बर्फाळ देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. याचे एक कारण असे की, थंडीची घट तात्पुरती असते. बॅटरी गरम झाली की पल्ला परत येतो.

आपल्याकडे पौषातल्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. शून्याखाली जात नाही. स्कूटरला हीटरही नसतो. तेव्हा आपली थंडी सौम्यच म्हणावयाची. आपला खरा शत्रू आहे वैशाखातले ऊन. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उष्णतेने बॅटरीतील नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात व तिची साठवणशक्ती कायमची घटते. ही हानी हिवाळा आला तरी भरून येत नाही.

एक हिशेब पाहू. चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर मूलमार्गे सुमारे ८० किलोमीटर आहे. समजा, नव्या स्कूटरचा प्रत्यक्ष पल्ला १०० किलोमीटर आहे. काही उन्हाळ्यांनंतर साठवण २० टक्के घटली, तर उरले ८०. त्यात थंडीच्या पहाटे आणखी थोडी घट झाली, की गाडी वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे जंगलात थांबणार! उन्हाळ्यात झिजलेली बॅटरी अशी हिवाळ्यात उघडी पडते.

यावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. गाडी घेताना नेहमीच्या अंतरापेक्षा बराच जास्त पल्ला पाहावा. उन्हाळ्यात गाडी सावलीत ठेवावी, आल्याबरोबर चार्जिंगला न लावता बॅटरी निवू द्यावी आणि पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभी करू नये. हिवाळ्यात मात्र याउलट, बॅटरी कोमट असतानाच चार्जिंगला लावणे चांगले.

एटापल्ली-भामरागडकडच्या माणसाला वाटेत गाडी थांबणे परवडणारे नाही. म्हणून विक्रेत्याला केवळ 'किती जाते?' एवढेच न विचारता 'चार उन्हाळ्यांनंतर किती जाईल?' हेही विचारावयास हवे.