पाकिटातला येसर आणि घरचा येसर

ज्यांच्या घरी येत्या लगीनसराईत कार्य निघाले आहे, आणि ज्यांचा कोणी उत्साही आप्त ‘मसाल्याची चिंता करू नका, सगळे तयार मिळते’ असे छातीठोकपणे सांगत आहे, त्यांनी तरी ही कैफियत शेवटपर्यंत वाचावी, एवढ्याचसाठी मी ती लिहावयास घेतली आहे; मात्र माझ्या मनातला संताप अद्याप निवळलेला नाही, हेही आरंभीच नमूद करून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

माझ्या भाच्याच्या मुलीचे लग्न गेल्या वैशाखात नांदेडला झाले. आदल्या रात्रीच्या जेवणात येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी करावयाची, हे वडीलधाऱ्यांनी ठरवूनच टाकले होते. लातूर, उदगीर, कंधार इकडची मंडळी जमली की तो बेत ओघानेच येतो. आमच्या सौ.ने फाल्गुनातच निरोप धाडला होता, की नवी मिरची बाजारात उतरली आहे, धनेही नवे आले आहेत, तेव्हा साऱ्या पंगतीचा येसर आम्ही लातूरहून करून आणतो, तुम्ही त्या बाबतीत निर्धास्त असा. त्यावर भाच्याचा फोन आला. “मामा, आजकाल कोण कुटत बसायलंय? सगळं तयार मिळायलंय. मामीला म्हणावं, या वयात तरास करून घेऊ नका.” मी त्याला एकदा नव्हे, वारंवार बजावले, की येसर ही वाटेल त्याच्या हातून घ्यावयाची वस्तू नव्हे. त्याने हसून विषय बदलला. माझी हरकत अशा रीतीने दप्तरी दाखल होऊन तिथेच पडून राहिली.

घरचा येसर ज्यांनी होताना पाहिला आहे, त्यांना त्यातले कष्ट सांगावयास नकोत. पण ज्या तरुण गृहिणींनी तो केवळ ताटात पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ आणि घरोघरच्या चालीप्रमाणे थोडी ज्वारी किंवा बाजरी, हे सारे धान्य निरनिराळे भाजावे लागते, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी असते. गव्हाचा दाणा तडतडून बदामी व्हावा, डाळीला खमंग वास सुटावा, पण कोणत्याही दाण्याला काळिमा येऊ नये. मग धने, जिरे, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, तीळ आणि सुके खोबरे यांची पाळी येते. दगडफूल तर भाजण्यापेक्षा निवडण्याचेच काम, कारण त्याच्या पापुद्र्यांत अडकलेली बारीक माती आणि झाडाची सालपटे वेचण्यात आमच्या घरची अख्खी दुपार जाते. मिरची उन्हात कडकडीत वाळवून, देठे खुडून, ब्याडगी रंगासाठी आणि गुंटूर तिखटपणासाठी अशा हिशेबाने घ्यावयाची, आणि मग ती कांडप यंत्रावर नेऊन, समोर उभे राहून कांडून आणावयाची. मिरचीला आम्हांला दूर जावे लागत नाही. धर्माबादची मिरचीची पेठ शेजारच्या नांदेड जिल्ह्यातच आहे, आणि तिची ख्याती पलीकडे तेलंगणातही ठाऊक आहे. ज्या जिल्ह्यात धर्माबाद आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात लग्नाच्या पंगतीला पाकिटातले तिखट यावे, याचे मला अधिक वाईट वाटते.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले, की धान्य भाजण्याचा हेतू केवळ वास नव्हे. भाजलेल्या धान्याच्या पिठाची चिकटी मोडलेली असते, म्हणून येसराची आमटी दाट होते, पण तिची खळ होत नाही. गार पाण्यात येसर गुठळी न होता कालवावा, फोडणीच्या उकळत्या पाण्यात तो सोडावा आणि कट वर येईपर्यंत आमटी उकळू द्यावी. अशी आमटी दुसऱ्या दिवशी सकाळीही ओघळती राहते.

त्या रात्री मी मांडवामागच्या चुलवणापाशी मुद्दाम जाऊन बसलो होतो. आचारी कंधारकडचा, वयस्क, आपल्या कामात निष्णात. त्याने पाकीट फोडले, चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन नाकाशी नेला आणि काही न बोलता पुन्हा एकदा नेला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “काका, ह्याला वासच न्हाई.” पण वेळ टळत चालली होती, वऱ्हाडाच्या गाड्या येऊन उभ्या होत्या, आणि भाचा तर पाहुण्यांच्या स्वागतात गुंतलेला; तेव्हा आचाऱ्याने तोच मसाला कालवून पातेल्यात सोडला. काही वेळातच आमटीला लालभडक रंग चढला, इतका की जवळ उभी असलेली पोरे ‘काय तर्री आली’ म्हणून हरखली. त्यानंतर मात्र पातेल्यातली वस्तू घट्ट होऊ लागली. आचाऱ्याने एक तांब्या पाणी घातले. ती सैल झाली आणि पुन्हा घट्ट झाली. त्याने बादलीभर पाणी ओतले, तरी तेच. आमटी कोठची, धोब्याकडची खळच ती! मी डाव घेऊन चव पाहिली. मीठ पुढे येत होते, तिखटपणा दूर कुठे तरी होता, आणि जिभेच्या मागच्या बाजूस एक कडवट, कुबट छटा रेंगाळत होती. पाणी वाढत गेले, चव उतरत गेली, पण रंग तसूभरही हटला नाही. त्या क्षणी मला सारा प्रकार उमगला. मिरचीचा रंग असता, तर तो पाण्याबरोबर फिका पडलाच असता. मिरचीवाचून आलेल्या रंगाला मिरचीच्या प्रमाणाशी काय कर्तव्य?

मी पाकीट उचलून दिव्याखाली नेले आणि चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरे वाचली. पहिले नाव तांदळाच्या पिठाचे होते, दुसरे मिठाचे, त्यानंतर धने, आणि मिरची त्याच्याही खाली. गहू नाही, हरभऱ्याची डाळ नाही. दर्शनी बाजूस नऊवारीतल्या आजीबाईंचे चित्र, पाट्यावर वाटत बसलेल्या. पॅक केल्याच्या तारखेवर एक कागदी चिठ्ठी डकवलेली होती, आणि ती नखाने उचलली तेव्हा खाली दुसरीच, जुनी तारीख निघाली. पंगतीत व्याह्यांच्या वडीलबंधूंच्या पांढऱ्या धोतरावर आमटीचा शिंतोडा उडाला, तो साबणाने गेला नाही आणि पुढे कित्येक दिवसांच्या उन्हानेही गेला नाही. हळदीचा डागसुद्धा उन्हात उडतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. व्याही मंडळी सुसंस्कृत, त्यांनी अवाक्षर काढले नाही. वाटीतली आमटी मात्र बहुतेकांनी तशीच ठेवली, आणि आमच्या सौ.ला त्या पंगतीत वाढताना मान वर करवेना, जणू ती तिच्याच हातची होती.

लग्न पार पडल्यावर मी उरलेली पाकिटे घेऊन त्या विक्रेत्याकडे गेलो. त्याचे नाव मी इथे घालीत नाही, कारण माझे भांडण एका दुकानाशी नसून त्या प्रवृत्तीशी आहे. त्याने मला बसावयासही सांगितले नाही. “आजोबा, एवढी माणसं जेवली, कुणाचं पोट दुखलं का?” हा त्याचा पहिला प्रश्न. तारखेवरची चिठ्ठी दाखविली, तर “ते पॅकिंगवाल्याचं काम, आमच्याकडं काय नसतंय” असे उत्तर मिळाले. पावती मागितली, तर “मसाल्याचा धंदा विश्वासावर चालतोय” असे ऐकावे लागले. आणि शेवटी, दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे पाहून तो म्हणाला, “म्हाताऱ्या माणसांच्या जिभेला चव राहत न्हाई, त्याला आम्ही काय करणार?” ज्या माणसाने महसूल खात्यात उभी हयात घालविली, जबान्या घेतल्या, पंचनामे लिहिले, कागद पाहिल्याखेरीज ज्याने कशावर सही केली नाही, त्याला हे ऐकून घ्यावे लागले! भाचा माझ्यासोबत होता. तो मान वळवून भिंतीवरचे कॅलेंडर पाहत राहिला.

मी जुन्याचा अंध अभिमानी नव्हे. ज्या मिरचीवरून मी हा तंटा मांडला आहे, ती तरी आपली कुठली? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्यात उतरली. त्यापूर्वी आपल्या पूर्वजांचा तिखटपणा मिऱ्यांवर भागत असे. नोकरीत असणाऱ्या सुनांनी, परगावी राहणाऱ्या मुलांनी तयार मसाला घेऊच नये, असे म्हणण्याइतका मी निष्ठुर नाही. परंतु दळलेल्या मिरचीचा स्वभाव ओळखून घेतला पाहिजे. अखंड मिरचीत रंग आणि वास सालीच्या आत बंदिस्त असतात. दळली की हवा, उजेड आणि ओल या तिघांच्या तावडीत ती सापडते, आणि महिन्यागणिक तिचा तांबडेपणा विटकरी, मग तपकिरी होत जातो. जे तिखट दुकानाच्या फळीवर उन्हासमोर महिनोन्‌महिने राहूनही कुंकवासारखे लाल दिसते, त्याच्याकडे संशयाने पाहावे. फार लांबची गोष्ट नाही. २००५ साली इंग्लंडात सुदान नावाचा कापड-मेणाला लावावयाचा रंग तिखटात निघाला, आणि त्या एका तिखटापायी शेकडो जातीचे खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने भारतीय मसाल्यांच्या काही पाकिटांची विक्री एका रसायनाच्या कारणावरून थांबविली. परदेशातले सरकार आपल्या मसाल्याची रुजुवात करते, आणि आपण मात्र आजीबाईंच्या चित्रावर विसंबतो.

आता ज्यांना घ्यावेच लागेल त्यांच्यासाठी. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. जे अधिक ते आधी. येसरात धान्य पहिले असणे गैर नाही, पण मीठ जर मिरची आणि धन्यांच्या वर असेल, तर आपण मसाल्याच्या भावाने मीठ विकत घेत आहो, हे समजून पाकीट जागच्या जागी ठेवावे. परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो, तो मोजून पाहावा. मिरचीच्या तिखटाला सरकारी मानकांप्रमाणे ओलावा शेकडा ११ पेक्षा अधिक चालत नाही, आणि सौम्य आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे व्यवहारात माती आणि वाळू, शेकडा १.३ च्या वर चालत नाही. तेल शेकडा २ पर्यंत चालते, पण ते घातल्याचे पाकिटावर जाहीर करावे लागते. चकाकी आणण्यासाठी तेल घालून गप्प बसणे हा गुन्हाच आहे. वरून रंग घालण्यास मुभा नाही.

पेल्यातल्या पाण्यावर तिखट भुरभुरण्याची परीक्षा पुष्कळांना ठाऊक असते. विटेची भुकटी तळाशी बसते आणि पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या रेघा खाली उतरतात, हे खरे. परंतु सुदानसारखा तेलात विरघळणारा रंग त्या परीक्षेत सापडत नाही, म्हणून पेला स्वच्छ राहिला की माल शुद्ध, असे कोणी समजू नये. आणि येसर घेतलाच, तर पंगतीच्या आधी चार दिवस तो वाटीभर पाण्यात कालवून उकळून पाहावा. कच्च्या पिठाचा असेल, तर थंड झाल्यावर तो चमच्याला चिकटून उभा राहतो. ही परीक्षा मला कोणी सांगितली नाही. ती त्या चुलवणापाशी मिळाली.

दुकाने पाहून, चार ठिकाणी विचारून माल घ्यावा, स्वस्ताच्या मोहात पडू नये, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. पावती मात्र घ्यावीच. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, जो ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला आणि ज्याने १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा निकालात काढला, त्याच्या ४० व्या कलमाने साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून आपल्या मालाचे पृथक्करण अन्न विश्लेषकाकडून करून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि अहवालात माल मानकांत बसत नाही असे निघाल्यास ती फी परत मिळते. पण त्यात एक अट आहे, आणि तिच्यावरच माझे हात बांधले गेले: आपण हा माल तपासणीला देणार आहो, असे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. भाच्याने पाकिटे आणली, तेव्हा मी लातुरात होतो. म्हणून पंगतीचा मसाला घेताना, दुकानात उभ्या उभ्याच, चार माणसांच्या समोर आणि पावती हातात पडत असताना हे वाक्य उच्चारावे. प्रामाणिक दुकानदार त्याने रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडून माल उचलू नये.

घरी करणारांना एवढेच: मिरची माघ-फाल्गुनात घ्यावी, अखंड घ्यावी, देठे घरी खुडावीत, कारण देठासकट दळलेल्या मिरचीचे वजन वाढते आणि रंग उतरतो. यंत्रावर आपल्या आधी कोणाची हळद किंवा धने दळले गेले आहेत, हे विचारून पहिला पसाभर वेगळा काढावा. बरणी चिनी मातीची, आतून उन्हात तापवलेली; मसाला पूर्ण गार झाल्यावर दाबून भरावा, मधेमधे हिंगाचे खडे घालावेत आणि तोंडाला दादरा बांधावा. आषाढात ओल्या हाताने बरणी उघडणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

भाच्याच्या धाकट्या मुलाचे लग्न येत्या मार्गशीर्षात ठरले आहे, आणि या खेपेस निरोप त्याच्याकडून आला, थेट मामीला. तिने सामानाची यादी लिहून पाठविली. त्या यादीखाली मी माझ्या हस्ताक्षरात दोन ओळी जोडल्या आहेत: मिरची धर्माबादेहून भाच्याने स्वतः जाऊन आणावी, आणि कांडपाच्या वेळी यंत्रापाशी त्यानेच उभे राहावे.