जहाजाच्या भाड्यात न दिसणारा खर्च

मुंबईहून गोवा, दोन रात्री, खाणं-राहणं त्यातच. ही जाहिरात बाळापुरातल्या घराघरांतल्या मोबाइलवरही येऊन पोचली आहे, आणि घरात चौदा-सोळा वर्षांची मुलं असतील तर ती तुमच्या आधी त्यांनी पाहिलेली असते. आम्ही चौघं असं जाऊन आलो. मुलं खूश झाली, आम्हीही झालो. तरी शाळेतल्या सहकारी बाई जेव्हा विचारतात, "परवडते का हो आपल्यासारख्याले?" तेव्हा मी हो किंवा नाही म्हणायच्या आधी त्यांना वही काढायला सांगते.

अकोल्याच्या एका एजंटानं आम्हाला माणशी भाडं सांगितलं होतं. आकडा बरा वाटला, चारनं गुणला, आगाऊ रक्कम भरली. मग पक्क्या बुकिंगचा कागद आला. त्यात बंदर शुल्क वेगळं, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी दर रात्रीचं सेवा शुल्क वेगळं, जीएसटी वेगळा. कापूस विकणाऱ्या घराला ही तऱ्हा ओळखीची आहे: बाजारात बोलला जाणारा भाव एक आणि हमाली-तोलाई कापून हाती येणारी पट्टी दुसरी. इथे कापलं जात नाही, वर चढत जातं. आमच्या कागदावर सांगितलेल्या रकमेच्या जवळजवळ तिसरा हिस्सा चढला. एजंट म्हणाला, "मॅडम, हे तर सगळीकडेच असतं." सगळीकडे असतं तर ते आधी सांगायला काय हरकत होती, याचं उत्तर मला मिळालं नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. माणशी भाडं विचारूच नका. घरातल्या सगळ्यांचा, सगळे कर आणि शुल्क धरून, खिशातून जाणारा शेवटचा आकडा लेखी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आला तरी चालेल, पण आगाऊ पैसे देण्याआधी यायला हवा. आणि तोच आकडा कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः एकदा ताडून पाहा. तिथे पैसे भरायच्या पानापर्यंत गेलं की सगळी शुल्कं उघडी होतात.

तो कागद जेवताना पाटाशेजारी पडला होता. आठवीतल्या मुलीनं वाचला आणि म्हणाली, "काहून वो बाबा, समुद्रात बी जीएसटी लागते काय?" तिच्या बाबांनी वही आणि पेन तिच्याकडे सरकवलं. या सहलीत आमच्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम मी हेच मानते. मोठ्या होत असलेल्या मुलांपासून आपण पैशाचा हिशेब लपवतो, मग जहाजावर त्यांनी काही मागितलं की चिडतो. मुलीनं वहीत रकाने पाडले: बाळापूर ते अकोला, अकोला ते मुंबई, मुंबईतली रात्र, जहाज, गोव्यातला दिवस, परत. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलानं त्यात दोघांचा हातखर्च बसवला. त्या रकमेच्या वर मागायचं नाही, उरली तर ती त्यांची. कुणी ओरडायची वेळ आली नाही.

याचा उपयोग नेमका कुठे होतो ते सांगते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच खातं. साधं जेवण भाड्यात असतं, पण शीतपेयं, खास उपाहारगृहं, व्हिडिओ गेम, वायफाय, सगळं त्या कार्डावर लिहिलं जातं आणि उतरताना एकत्र बिल येतं. चढल्या चढल्या स्वागतकक्षात जाऊन मुलांच्या कार्डावर मर्यादा घालता येते का ते विचारा, किंवा ती खरेदीसाठी बंदच ठेवा. जागोजागी छायाचित्रकार असतात. ते फोटो काढतात आणि संध्याकाळी छापून भिंतीवर लावतात. आमच्या मुलीनं आमचा फोटो काढून हातात घेतला, उलटा केला, मागची किंमत वहीत उतरवली आणि फोटो होता तिथे परत खोचला. मग वरच्या डेकवर जाऊन एका आजोबांकडून आमच्याच मोबाइलवर चौघांचा फोटो काढून घेतला.

मोबाइलचं मात्र वेगळं सांगायला हवं. किनारा मागे पडला की आपलं नेटवर्क जातं आणि जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क दिसू लागतं. पोस्टपेड फोनवर रोमिंग सुरू राहिलं तर त्याचे दर जमिनीवरच्या परदेशी रोमिंगपेक्षाही भारी पडू शकतात. जेवणाच्या टेबलावर भेटलेल्या एका कुटुंबाच्या मुलानं रात्रभर रील पाहिल्या आणि सकाळी वडिलांना आलेल्या मेसेजनं त्यांचा घास हातातच राहिला. बंदर सुटण्याआधी सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका, स्वतःच्या हातानं. मग मुलांचा शोध कसा घ्यायचा? आम्ही ठरवलं होतं की प्रत्येक जेवण एकत्र घ्यायचं, रात्री ठरल्या वेळेला केबिनमध्ये यायचं आणि मधे कुठे जात असाल तर आरशाखाली चिठ्ठी ठेवायची. सोळा वर्षांच्या मुलाला एवढी मोकळीक द्यायला हवी. जहाज हे त्यासाठी बऱ्यापैकी सुरक्षित ठिकाण आहे, कठड्यावर चढून सेल्फी काढायची नाही ही एक अट पाळली तर. सुरुवातीला होणारी लाइफजॅकेटची कवायत मुलं टाळू पाहतात. आमच्या सासूबाईंनी टीव्हीवर 18 डिसेंबर 2024 चा अपघात पाहिला होता. त्या दिवशी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली होती. त्यांनी निघताना मुलांकडून शब्दच घेतला होता, त्यामुळे ती कवायतीत पुढच्या रांगेत उभी राहिली.

केबिन निवडताना लोक खिडकीवर भांडतात. स्वस्तातली म्हणजे आतली, बिनखिडकीची. दिवा मालवला की डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. ते चालतं, कारण केबिनमध्ये झोपण्यापलीकडे कुणी थांबत नाही. त्रास होतो तो जागेचा. चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचे. उंच वाढलेला मुलगा वरच्या पलंगावर उठून बसू शकत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलीला कपडे बदलायला फक्त ती चिमुकली न्हाणी उरते. तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं कमी पडतं हे खरं, तरी दोन आतल्या केबिन शेजारीशेजारी घेतल्या तर किती होतं ते विचारून पाहा. बाल्कनीच्या एका केबिनच्या आसपास आकडा आला तर दोन घ्या. अठराच्या आतल्या मुलांना बहुतेक ठिकाणी एकट्यानं केबिन देत नाहीत, तेव्हा आई-मुलगी आणि बाप-मुलगा अशी वाटणी करा. मळमळ होत असेल तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची केबिन मागा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्यायची. आम्ही आलेपाक नेला होता. तो माझ्यापेक्षा केबिन साफ करणाऱ्या मुलाला जास्त आवडला.

आता आपल्या बाजूचं. बाळापूरला रेल्वे नाही. पारस जवळ आहे, पण लांब पल्ल्याच्या गाडीसाठी अकोला गाठावं लागतं. तिथून मुंबई सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. रात्री बसलं की सकाळी मुंबई, आणि दुपारी जहाज, हा हिशेब कागदावर जमतो. आमची गाडी इगतपुरीच्या अलीकडे तासन् तास उभी राहिली. जहाजाचं दार सुटायच्या वेळेच्या बरंच आधी बंद होतं आणि ते कुणाच्या गाडीसाठी थांबत नाही. आम्ही पोचलो, कारण मुलाच्या हट्टापायी एक रात्र आधी निघालो होतो. त्याला गेटवे ऑफ इंडिया बघायचं होतं. ती मुंबईतली रात्र खर्चाच्या वहीत पहिल्या ओळीत लिहा. सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल दीड-दोन किलोमीटरवर आहे, त्यामुळे दूरच्या उपनगरात मुक्काम करू नका. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, आणि सुट्टीत ते पहिल्याच दिवशी भरतं. आधी गाडीची जागा मिळते का बघा, मगच जहाजाची आगाऊ रक्कम भरा. बारा वर्षांपुढच्या मुलाला रेल्वेत पूर्ण भाडं आहे, आणि जहाजावरची मुलांची सवलतही साधारण त्याच वयाच्या आसपास संपते.

तारखेचंही तसंच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून आपल्याकडे जूनचा पहिला पंधरवडा सहलीसाठी मोकळा वाटतो. पण तेव्हा अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि मुंबईचा क्रूझ हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच धरायचा. कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून जाऊ लागलं, तेही पावसाळ्यात चेन्नईकडे वळलेलं आहे. दिवाळी आणि नाताळात भाव चढे असतात. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी निघणारी फेरी बहुधा स्वस्त पडते. वर्षभर पुढचं मात्र स्वस्त म्हणून घेऊन ठेवू नका. 2019 मध्ये थाटात सुरू झालेलं जलेश कंपनीचं 'कर्णिका' 2020 मध्ये बंद पडलं आणि अलंगला भंगारात गेलं. कंपनी उभी असली तरी हवामानामुळे एखादं बंदर गाळलं जातं. तेव्हा किती पैसे परत मिळतात, ते बुकिंगच्या अटींत आधी वाचून घ्या.

देशांतर्गत फेरीला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, आधार पुरतं. पण मुलांच्या आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे आणि तो धक्क्यावर दुरुस्त होत नाही.

ज्यांचा आकडा अजूनही बसत नाही त्यांनी निराश होऊ नये. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च 2020 पासून चालू आहे. तासाभराचा प्रवास, काही शे रुपयांत. मुलांना समुद्र सोसतो का, आवडतो का, हे तिथेच कळतं. मोठा खर्च करायच्या आधी मी प्रत्येकाला ही फेरी करायला सांगते. अजून लांब जायचं असेल तर कोचीहून लक्षद्वीपला सरकारी प्रवासी जहाजं जातात. 'एमव्ही कवरत्ती'वरून सरकारी 'समुद्रम' सहलही होते. तिथे झगमगाट नाही, पण दिवसा बेट आणि रात्री जहाज असं फिरता येतं. त्यासाठी प्रवेश परवाना लागतो. तेव्हा तो अर्ज आणि कोचीपर्यंतच्या गाडीचं आरक्षण, ही दोन्ही कामं दोन-तीन महिने आधी हाती घ्या.