हापूस आंब्यांची पेटी भरणें

परगांवीं पाठविलेला आंबा वाटेंत नासला असें आपण म्हणतों. परंतु पुष्कळदां त्या नासण्याचा आरंभ झाडाखालींच झालेला असतो. देठ मुळाशीं तुटला म्हणजे चीक ओघळून सालीवर काळे डाग पडतात, व पुढें कूजही देठाच्या जागेंतूनच आंत शिरते. यास्तव सुमारें एक इंच देठ राखून फळ झेल्यानें उतरवावें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें तयार केलेला नूतन झेला या कामीं सोयीचा आहे. उतरलेलीं फळें तापलेल्या जमिनीवर ठेवूं नयेत. सावलींत निववून मग निवडावीं.

एका पेटींत सारख्या वजनाचींच फळें असावीं. लहानमोठीं एकत्र घातलीं कीं पोकळी राहते, आणि पोकळी हाच खरा शत्रु होय. कारण हालणारें फळ शेजारच्यावर घासून सोलतें व ठेंचतें. लांकडी पेटींत तळाशीं व थराथरांमध्यें भाताचा कोरडा पेंढा घालावा. ओल्या पेंढ्यानें बुरशी येते. पुठ्ठ्याच्या खोक्यांना हवेसाठीं छिद्रें असतात. रचतांना तीं समोरासमोर यावींत. झांकण बसविल्यावर पेटी हळूच हालवून पाहावी. आंत फळ सरकल्याचें जाणवलें तर ती पुन्हां भरावी.

वर निवडक आणि तळाशीं हलकीं फळें भरण्याची चाल कांहींजण चातुर्याची समजतात! गिऱ्हाईक तळही पाहतें, आणि पुढील सालीं दुसऱ्याकडे जातें. पिकविण्यासाठीं कार्बाईडच्या पुड्या तर मुळींच ठेवूं नयेत. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांन्वयें त्यांस मनाई आहे. पेटीवर प्रत, नग व फळें उतरविल्याची तारीख स्पष्ट लिहावी.