कथा वाचायला ये

नागपूर
दिवाळीनंतरचा रविवार

चि. सोनू,


तुझा लांबलचक मेसेज काल रात्री पुन्हा वाचला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू ‘हो गं मावशी’ म्हणून निसटतेस. म्हणून कागद घेतला. दिवाळी अंकात कथा आली, अनोळखी वाचकांनी फोन केले, आता इथल्या मंडळींनी कथावाचनाला बोलावलं, आणि तू म्हणतेस की आजारी आहे असं कळवून टाकते. कारण काय, तर ‘ती गोष्ट चुकून जमली, समोर बसलेल्यांना दोन मिनिटांत कळेल की हिला काही येत नाही.’

आधी जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईचा एक प्रश्न. संपादकांना फसवलं म्हणतेस, ते कसं? कथा दुसऱ्याची होती? वशिला लावला होतास? नाही ना. मग जे कागदावर होतं तेच त्यांनी छापलं आणि लोकांनी तेच वाचलं. नोकरीच्या मुलाखतीत थापा मारता येतात. कथेत सगळं उघड्यावर असतं. वाक्य एक तर उभं राहतं, नाही तर पडतं.

हे दुखणं तुझ्या एकटीचं नाही, हे तुलाही माहीत आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी यावर लेख लिहिला आणि त्याला ‘इम्पोस्टर फिनॉमेनन’ असं नाव दिलं. पदव्या, पगार, मानमरातब सगळं असलेल्या दीडशेवर स्त्रियांच्या अनुभवावरून त्यांनी मांडलं की यांना आपण लोकांना फसवतोय असं वाटतं, एक दिवस उघडे पडू अशी धास्ती असते. लिहिणाऱ्यांत हे बोकाळतं त्याचं मला नवल वाटत नाही. डॉक्टरला भिंतीवर टांगायला सर्टिफिकेट असतं, सीएला नंबर असतो. कथा लिहिणाऱ्याला कोण सर्टिफिकेट देणार? आणि दिलं तरी पुढच्या कथेच्या पहिल्या ओळीला त्याचा काही उपयोग नसतो. जॉन स्टाइनबेक १९३८ साली ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहीत असताना रोजनिशी ठेवायचा. त्यात त्याने लिहून ठेवलंय की मी लेखक नाही, स्वतःला आणि लोकांना फसवत आलोय. पुढच्या वर्षी कादंबरी आली, १९६२ साली नोबेल. नोबेलचं सोड, रोजनिशीत कुरकुरून झालं की तो त्या दिवसाची पानं लिहायला बसे, ते बघ.

पण तो लांबचा. आपल्या गावात राहून गेलेला माणूस घे. गजानन माधव मुक्तिबोध. घरात मराठी, लिहिणं हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र आपल्याकडचे कवी-कादंबरीकार. १९४८ ते ५८ ही दहा वर्षं गजाननराव नागपुरात होते. आकाशवाणीत नोकरी केली, ‘नया खून’ साप्ताहिकात केली, इथल्याच विद्यापीठातून एम. ए. झाले. ओढाताण कायमची. कविता लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. त्या लांबत गेल्या, कारण ‘झाली’ असं त्यांना वाटतच नसे. १९४३ च्या ‘तार सप्तक’मधल्या सात कवींपैकी ते एक, म्हणजे नाव काही नवं नव्हतं, तरी हयातीत स्वतःचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ १९६४ साली आला. त्याच वर्षी सप्टेंबरात ते दिल्लीत वारले. पुस्तक हातात घेणं नशिबी आलं नाही. कथाही लिहीत. त्यांचे संग्रहसुद्धा मागाहूनच आले.

मुक्तिबोधांचं नाव काढलं की लोक हळवे होतात आणि शंकेला देव्हाऱ्यात बसवतात. तसं करू नकोस. त्यांची शंका ही ओळ खरी आहे का, यावर होती. हे लिहिताना मी मध्यमवर्गीय माणूस स्वतःला सोयीस्कर वाचवतोय का, यावर होती. त्या शंकेने त्यांच्याकडून काम करून घेतलं. पण कागद हातून सुटला नाही, हेही खरंच. गरिबी होती, प्रकाशकांची उदासीनता होती, त्यात हा न संपणारा खर्डा. तेवढं मात्र त्यांच्याकडून उचलू नये.

आता तुझी कथा. मे महिन्यात तू दिलेला पहिला खर्डा माझ्याकडे आहे. काल तो आणि छापलेली कथा शेजारी ठेवून वाचली, लाल पेन घेऊन, सवयीने. आपल्या महाल भागातल्या सायकलच्या दुकानात नवऱ्यामागे गल्ल्यावर बसणारी ती बाई. पोरगं विचारतं, चेन ढिली झाली, बदलावी लागेल का? खर्ड्यात ती म्हणते, ‘मले नाही समजत, पन थे एक कडीच काढत.’ छापील कथेत म्हणते, ‘मला त्यातलं कळत नाही, पण हे असते तर त्यांनी एक कडी काढली असती.’ अगं, पहिल्या वाक्यात तिचा नवरा अजून दुकानात आहे. दुसऱ्यात व्याकरण आहे. मग ती स्वतः पाना-हातोडी घेऊन चेनची पिन ठोकून काढते, बोट चेमटतं, तेल लागलेल्या हाताने सुटे पैसे मोजते, तो पाऊण पानाचा प्रसंग तू गाळलास. आणि शेवटी एक परिच्छेद वाढला, ज्यात फ्रेंच लेखक कामू आला. सायकलच्या दुकानात कामू काहून आला, बापा?

काहून आला ते मी सांगते. खर्डा लिहिताना तुला ती बाई दिसत होती. छापायला द्यायच्या वेळी तुला वाचक दिसायला लागले, तेही पुण्यातले, चष्मेवाले. ‘हिला काही येत नाही’ असं ते म्हणतील म्हणून तू ओळखपत्र काढून दाखवलंस. फसवेगिरी शोधायचीच असेल तर ती कथेत तेवढ्या ठिकाणीच आहे आणि ती तुझ्या भीतीने घातली आहे. बाकी कथा अस्सल आहे. तुला जमलेलं खोटं वाटतं आणि घाबरून चिकटवलेलं खरं वाटतं, हा उलटा हिशोब आहे.

‘मले’ची लाज मला कळते. मीही नोकरीत शुद्धलेखन शिकवूनच पेन्शन घेते. पण उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली, आणि त्यातली कौतिक वऱ्हाडीच बोलते. तिने पुण्याची मराठी बोलायला घेतली असती तर ती बाई पहिल्या पानावरच मेली असती. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तले धरणगावकर देशपांडे आपल्यासारखंच बोलतात, आणि मुंबईच्या रंगभूमीने १९८५ साली ते ऐकून घेतलं. हे एलकुंचवार नाटकाकडे कसे वळले ठाऊक आहे? विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहून. तो प्रयोग पाहायला गेले नसते तर? ‘सुलतान’ ही त्यांची एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथे’त आली. सुरुवात सगळ्यांचीच थोडीफार चुकून होते. तिच्यावरून खटला भरायचा नसतो.

पुन्हा जमलं नाही तर, असं विचारतेस. नाही जमलं तर नाही जमलं. अमरावतीच्या विश्राम बेडेकरांनी १९३९ साली ‘रणांगण’ लिहिली. कादंबरी तेवढी एकच. पुढे त्यांनी सिनेमे केले, नाटकं लिहिली, आत्मचरित्र लिहिलं. आज कोणी म्हणतं का, की ‘रणांगण’ चुकून झाली?

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते, कारण ‘इम्पोस्टर’ या नवीन नावाखाली ती झाकली जाते. दर वेळी खोट मनातच असते असं नाही. कुमुद पावडे आपल्या नागपूरच्याच. दलित घरातली मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. झाली, तर लोकांच्या डोळ्यांत कौतुकापेक्षा अचंबा जास्त. नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न होऊन आडनाव बदललं तेव्हा मिळाली, आणि हे त्यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय. हे तुमचं नाही, असं त्यांना जग सांगत होतं. त्याला मनाचा आजार म्हणायचं नाही; तो दाराशी बसलेल्यांचा दोष. तेव्हा उद्या कोणी तुझ्या बोलीवर, गावावर किंवा बाईपणावर शेरा मारला तर तो तुझा कमीपणा समजून घरी आणू नकोस. पण आज तुला असं कोणीही म्हणालेलं नाही, सोनू. संपादकांनी छापलं, वाचकांनी फोन केले, मंडळींनी बोलावलं. दाराशी बसून नाही म्हणणारी तू एकटीच आहेस.

करायचं काय? ‘मी काही लेखिका नाही हो’ हे म्हणणं बंद कर. तो विनय नसतो, समोरच्याने ‘छे छे’ म्हणावं याची ती सोय असते. कथा मोठ्याने वाच, भिंतीला ऐकव. जिथे जीभ अडेल तिथे खुशाल शंका घे, कठोरपणे घे. खर्डे फाडू नकोस, तारीख घालून ठेव. वाचणारा एक माणूस पुरे, ग्रुपवर वीस नकोत. आणि दुसरी कथा सुरू कर, पहिलीचं कौतुक ओसरायच्या आत. जमली तर विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’कडे पाठव. हा संघ १९२३ पासून इथल्या लिहिणाऱ्यांसाठीच उभा आहे. साभार परत आली तर पाकीट बदलून दुसरीकडे पाठवायची, त्यात रडण्यासारखं काही नाही.

आजारी असल्याचं कळवू नकोस. तिकीट काढ आणि ये. कामूचा परिच्छेद गाळ, चेनचा प्रसंग परत घाल आणि ती बाई ‘मले’ म्हणते तसंच मोठ्याने वाच. पहिल्या खर्ड्याची झेरॉक्स सोबत पाठवते आहे. लाल खुणा माझ्या आहेत, त्या पटल्या नाहीत तर खोडून टाक.

तुझी
मावशी